शेवटून पहिला कोण

तीन वर्षांनी वत्सलाबाई लेकीच्या घरी आल्या, त्या फुटबॉलच्या टीमसोबत. पांढुर्ण्याहून संत्र्याचा ट्रक निघाला तेव्हा मागे खेळाडू होते आणि पुढे ड्रायव्हरशेजारी भगवंतराव घाटोडे आणि वत्सलाबाई. सौंसरला विनायकराव बोंड्यांच्या दारात ट्रक थांबला तसे पोट्टे धडाधड उड्या मारून उतरले. वत्सलाबाईंसाठी मात्र स्टूल आणावं लागलं.

स्टूल उर्मिलेनं धरलं. आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. तशीच तिला धरून स्वयंपाकघरापर्यंत गेली.

"वाळली तू," वत्सलाबाई म्हणाल्या.

"तीन वर्षांनी पाहून राहिली म्हणून तसं वाटते," उर्मिला म्हणाली. "हेमंतदादा आला?"

"आला. ट्रकमधून उतरला अन् तिकडं लिंबाखाली जाऊन बसला. आत येत नाही म्हणते."

उर्मिलेनं पाटोडीच्या रश्शाखालची आच कमी केली. कढई मोठी होती, शेजारून मागून आणलेली. सामन्याच्या दिवशी पाहुण्या टीमला घरच्या टीमनं जेवू घालायचं, हा दोन्ही गावांतला जुना रिवाज तीन वर्षं बंद होता. तो आज विनायकरावांनी पुन्हा सुरू केला होता. सुनेला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "तुया माहेरचे येऊन राहिले. भात कमी पडू देऊ नको."

तीन वर्षांपूर्वी पांढुर्ण्याच्या मैदानावर एका चेंडूवर दोन माणसं धावली होती. एक हेमंत, उर्मिलेचा भाऊ, पांढुर्ण्याचा बॅक. दुसरा मुकुंद, उर्मिलेचा नवरा, सौंसरचा फॉरवर्ड. रेफरीनं फाऊल दिला नाही, सौंसरवाल्यांनीही मागितला नाही. पण मुकुंद उठला नाही. नागपूरला नेऊन पायात सळी घातली, तरी पाय आखूड राहिला तो राहिलाच. त्या दिवसापासून हेमंतनं बूट घातले नाहीत. दवाखान्यात तो आला नाही, नंतर घरीही आला नाही. पहिल्या दिवाळीला उर्मिला वाट पाहत राहिली, मग तिनंही माहेरी जाणं सोडलं. ज्याला नवऱ्याचा पाय पाहायला यायचं जमलं नाही, त्याला भाऊबीजेला ओवाळायचं कसं, हे तिचं तिलाच सुटत नव्हतं.

"उर्मिला," वत्सलाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "तो शालिकराम आहे ना, त्यानं हेमंतचे बूट आणले पिशवीत घालून. तुया बाबानंच काढून देले माळ्यावरून. मले न सांगता. तू काहीतरी कर. त्याले खेळू देऊ नको."

"काहून?"

"एक पाय मोडला तेवढा पुरला. आणखी काही झालं तर लेक मले कायमची गेली म्हणून समज."

 उर्मिलेनं रस्सा ढवळला आणि पानं वाढायला घेतली.

*

ओसरीवर दोन पंगती समोरासमोर बसल्या. एकीकडे सौंसर, दुसरीकडे पांढुर्णा, आणि दोन्ही पंगतींच्या टोकाला दोन म्हातारे. भगवंतराव आणि विनायकराव. तरुणपणी हेच दोघे दोन्ही टीमांचे कप्तान होते. तेव्हा जिल्ह्याची फायनल म्हटली की पांढुर्णा आणि सौंसर, तिसरं नाव लोक घेत नसत. हरलेल्या गावातला माणूस आठवडाभर जिंकलेल्या गावच्या बाजाराला जात नसे. एका फायनलनंतर विनायकरावांनी ढाल हातात असतानाच भगवंतरावांची मुलगी आपल्या मुलासाठी मागितली होती, आणि भगवंतराव म्हणाले होते, ढालही नेता अन् पोरगीही नेता, मग आमच्याकडं काय ठेवता.

आता परासियाकडच्या खाणींच्या टीमा वर होत्या. त्यांच्याकडं बूट होते, कोच होता, ड्युटीतून सुट्टी होती. यंदा आठ टीमांमध्ये सौंसर सातवं होतं आणि पांढुर्णा आठवं. शेवटची टीम लीगमधून बाहेर, खालच्या गटात जाणार होती. सौंसरला एक गुण जास्त होता, त्यामुळं बरोबरी झाली तरी सौंसर वाचत होतं. पांढुर्ण्याला जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत, गावच्या जुन्या दगडफेकीच्या खेळात, त्यांचा एक बॅक डोकं फोडून घेऊन घरी पडला होता.

"वाढा, व्याह्यांले पाटोडी वाढा," विनायकराव म्हणाले.

"थोडीच," भगवंतराव म्हणाले. "मागं तुमी आम्हाले पुरणपोळ्या चारल्या होत्या, याद आहे ना. दुसऱ्या हाफमध्ये आमच्याच्यानं उठवत नव्हतं. पाच गोल खाल्ले."

"पोळ्या तुमी खाल्ल्या, गोलही तुमीच खाल्ले. आमचा काय दोष?"

पंगतीत हशा पिकला. तो ओसरल्यावर विनायकराव भात कालवता कालवता म्हणाले, "हेमंत खेळत नाही ते बरं झालं. ज्यानं त्यानं आपला मान राखावा. खेळ काय, होतच राहते."

भगवंतरावांचा हात थांबला. "तो खेळणार नाही, असं कोण म्हणते?"

"मी म्हणते," दारातून वत्सलाबाई म्हणाल्या. बायकांनी पंगतीत बोलायची रीत नव्हती, पण त्या बोलल्या. "व्याही बरोबर सांगून राहिले."

भगवंतराव बायकोकडे पाहत राहिले. पांढुर्ण्यात चाळीस वर्षं संसार केलेली बाई सौंसरच्या कप्तानाच्या बाजूनं उभी होती.

पांढुर्ण्याचा कप्तान शालिकराम मान खाली घालून जेवत होता. तो नगरपालिकेत पाण्याच्या टाकीवर कामाला होता. या क्लबचा कप्तान आपल्या वस्तीतला माणूस होईल, असं त्याच्या बापाला, भाऊरावला, कधी वाटलं नव्हतं. त्याला कप्तान करावं म्हणून तीन वर्षांपूर्वी हेमंतच भांडला होता. शालिकरामनं पान पुढं सरकवलं आणि भगवंतरावांना शांतपणे म्हटलं, "भाऊसाहेब, माह्यापाशी दहाच आहेत. अकरावा लिंबाखाली बसला आहे. मी त्याले ओढून नाही नेणार. पण दहा जणांत मी सौंसरले हरवू नाही शकत, हे खरं."

तेवढ्यात पडवीकडून मुकुंद आला. तो सौंसरचा कोच होता आता. तहसिलीतून आला की मैदानावर जायचा. चालताना उजवा खांदा खाली जायचा त्याचा. त्यानं पंगत पाहिली, वडिलांकडे पाहिलं, मग उर्मिलेकडे.

"एक पान वाढून दे," तो तिला म्हणाला. "हातात दे. मी घेऊन जातो."

उर्मिलेनं वाढलं. पोळी, पाटोडी, भात, लिंबाची फोड. देताना ती म्हणाली, "मी येऊ?"

"नको. हे आमचं होय."

*

हेमंतनं त्याला येताना पाहिलं तेव्हा उठून जावं असं पहिल्यांदा त्याच्या मनात आलं. पण हातात भरलेलं पान घेऊन लंगडत येणाऱ्या माणसापुढून उठून जाणार कसं? मुकुंद त्याच्यासमोर एका उपड्या पाटीवर बसला, पाय लांब करून. पान मधे ठेवलं.

"खा."

"भूक नाही."

"तीन वर्षांनी माह्या घरी आला. उपाशी नाही जाऊ देणार. खा आधी."

हेमंतनं एक घास घेतला.  तो मुकुंदच्या पायाकडे पाहत नव्हता आणि पाहत नाही हे मुकुंदला दिसत होतं.

"पाहून घे एकदा," मुकुंद म्हणाला. "हाच तो."

हेमंतनं पाहिलं. पायजम्याखालून नडगीवरचा व्रण दिसत होता, लांब, पांढरट.

"मी यायला पाहिजे होतं," हेमंत म्हणाला. "नागपूरले दोनदा आलो. दवाखान्याच्या फाटकापर्यंत. आत जायची हिंमत नाही झाली."

"मले माहीत नव्हतं."

"कोणालेच नाही."

मुकुंदनं व्रणावर पायजमा ओढला. "पायाचा मले राग नव्हता बे कधी," तो म्हणाला. "तुयाजागी मी असतो तर मीही पाय घातला असता. राग याचा होता की तू आला नाही. अन् त्यापेक्षा मोठा राग याचा की तू खेळणं सोडलं. तू कोणाले विचारून सोडलं?"

"मले वाटलं, तू खेळू शकत नाही तर मी..."

"म्हणजे मायासाठी. मग मले विचारायचं ना. तुयी टीम तीन वर्षांत खाली आली, का तर हेमंत नाही. लोक म्हणतात, पांढुर्णा मुकुंदच्या पायामुळं बुडालं. बाजारात म्हणतात, मायासमोर म्हणतात. आज हरले तर कायमचं म्हणतीन." त्यानं पान हेमंतकडे आणखी सरकवलं. "मले आज पांढुर्ण्याले हरवायचं आहे. पुरं पांढुर्णा. दहा जणांचं नाही. मैदानात ये."

 हेमंत जेवला, लिंबाची फोड पिळून, पान पुसून. मग उठून ओसरीवर गेला, सगळ्यांसमोर वाकून विनायकरावांच्या पाया पडला आणि शालिकरामपुढं हात केला. शालिकरामनं पिशवी दिली.

वत्सलाबाई पुढं झाल्या. उर्मिलेनं त्यांचा दंड धरला.

"आई, ज्याचा पाय गेला त्यानंच बोलावलं त्याले. आपण कोण अडवणार?"

"अन् काही झालं तर?"

"झालं तर झालं. घरी बसूनही तीन वर्षं काय चांगलं झालं?" मग तिनं पदर खोचला. "चल. आपणही जाऊ मैदानावर."

"बायका?"

"बसाले जागा पाहिजे फक्त. शाळेच्या ओट्यावरून चांगलं दिसते."

*

विनायकरावांच्या पन्नास वर्षांच्या फुटबॉलमध्ये मैदानावर एवढी माणसं त्यांनी फायनललाही पाहिली नव्हती. बैलगाड्या जुंपलेल्याच उभ्या होत्या आणि गाडीत उभी राहून माणसं पाहत होती. दुकानं बंद होती. सातवा आणि आठवा भिडत होते, आणि सौंसर ढालीसाठी आल्यासारखं आलं होतं. ते भगवंतरावांशेजारी खुर्चीवर बसले, कारण दोघांसाठी खुर्च्या तिथंच मांडल्या होत्या.

सकाळी पाऊस पडून गेला होता, मैदान चिकट होतं. पहिली काही मिनिटं सगळेच घसरत होते. मग हळूहळू विनायकरावांच्या लक्षात आलं की हेमंत चेंडूजवळ जातो, पण पाय घालत नाही. सौंसरचा पोरगा समोरून आला की तो मागं मागं सरतो, वाट देतो. सौंसरच्या पोरांच्याही ते लक्षात आलं. हाफ टाइमच्या जरा आधी सौंसरचा फॉरवर्ड सरळ त्याच्या अंगावर चालून गेला. हेमंतनं पाय उचलला आणि परत खाली ठेवला. पोरगा बाजूनं निघून गेला आणि गोल झाला.

मैदान उठलं. विनायकरावही उठले. आणि त्या गदारोळात त्यांनी पाहिलं की त्यांचा मुलगा, सौंसरचा कोच, रेषेवर उभा राहून पांढुर्ण्याच्या बॅकवर ओरडतो आहे.

"पाय टाक, हेमंत. पाय टाक."

विनायकराव त्याच्याजवळ गेले. "तू कोणाचा कोच होय?"

"सौंसरचाच होय, बाबूजी," मुकुंद म्हणाला. त्याचा चेहरा तापला होता. "पण असा गोल मले नाही पाहिजे. दान देल्यासारखा."

"वाचलो आपण या गोलानं. मुकाट्यानं घे."

"तुमी घेतला असता? बाबूजी, भगवंतरावांनी तुमाले रस्ता सोडून देला असता अन् तुमी गोल मारला असता, तर ढाल घरी आणली असती तुमी?"

 विनायकराव परत खुर्चीवर येऊन बसले. भगवंतराव समोर पाहत होते. त्यांच्या हातातली काठी चिखलात खोल रुतली होती.

"व्याही," बऱ्याच वेळानं विनायकराव म्हणाले, "पोराले सांगा तुमच्या. खेळायचं तर खेळ म्हणावं."

"मी सांगून नाही ऐकत," भगवंतराव म्हणाले. "कप्तान सांगन."

कप्तान सांगतच होता. पांढुर्ण्याची टीम गोलपोस्टमागं चिखलात बसली होती. शालिकराम हेमंतसमोर उकिडवा बसला. "भाऊ," तो म्हणाला, "मले कप्तान करा म्हणून तुमी क्लबात सगळ्यांसंगं भांडले. तेव्हा तुमी म्हणाले होते, जो पुरा खेळते तो कप्तान. आता मी कप्तान म्हणून सांगतो. पुरं खेळा, नाहीतर बाहेर बसा. दहा जणांनी हरलो तर हरलो. असं अर्धं खेळून सौंसरवाल्यांचाही अपमान करून राहिलो आपण."

हेमंतनं बुटाच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा आवळून बांधल्या.

*

शाळेच्या ओट्यावर आता तीसेक बायका जमल्या होत्या. उर्मिला आणि तिची आई आलेल्या पाहून आजूबाजूच्या घरांतून एकेक करत त्या आल्या होत्या. सगळ्या सौंसरच्या. उर्मिला त्यांच्या मधोमध उभी होती आणि आपण कोणाच्या बाजूनं उभ्या आहोत हे तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

दुसरा हाफ सुरू झाला आणि तोच फॉरवर्ड पुन्हा हेमंतकडं निघाला, या वेळी हसत. वत्सलाबाईंनी डोळे मिटले. उर्मिलेनं मिटले नाहीत. तिनं पाहिलं, दादा मागं सरला नाही. तो पुढं गेला, गुडघा वाकवून घसरत, आणि त्याचा पाय सरळ चेंडूवर बसला. पोरगा त्याच्यावरून उडून चिखलात पडला.  रेफरीची शिट्टी वाजली नाही. पोरगा उठला, चड्डीवरचा चिखल झटकला आणि परत धावत सुटला.

"उठला का?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"उठला, आई. धावून राहिला. डोळे उघड."

चेंडू तोवर शालिकरामकडे पोचला होता. त्यानं दोघांना चकवलं आणि तिसऱ्यानं अडवायच्या आत फटका मारला. गोलकीपर चिखलात झेपावला, पण चेंडू त्याच्या हाताखालून गेला. एक एक.

त्यानंतर सामना सामन्यासारखा झाला. कोणी कोणाला रस्ता सोडत नव्हतं. सौंसरला बरोबरी पुरत होती, म्हणून ते मागं येऊन भिंतीसारखे उभे राहिले. पांढुर्णा आपटत राहिलं. उन्हं कलली, बैल कंटाळून माना हलवायला लागले, आणि रेफरी दोनदा घड्याळाकडं पाहून झाला, तेव्हा पांढुर्ण्याला कॉर्नर मिळाला. हेमंत मागून चालत पुढं आला. अंगावर पांढरा शर्ट होता हे सांगूनही खरं वाटलं नसतं, इतका तो माखला होता. सौंसरची दोन उंच पोरं त्याला खेटून उभी राहिली. चेंडू आला, तिघेही उडाले, आणि उर्मिलेला एवढंच दिसलं की भावाचं डोकं त्या दोघांच्या वर आहे.

जाळी हलली.

उर्मिला ओरडली. सासर, नवरा, शेजारणी, काही मनात आलं नाही. तिच्या तोंडून निघालं, "दादा", आणि ते तीस बायकांच्या शांततेत लांबवर ऐकू गेलं. एका बाईनं नाक मुरडलं. दुसरी, पलीकडच्या आळीतली वयस्क पुष्पाकाकू, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ओरड माय. तुया भाऊच होय."

शिट्टी वाजली. पांढुर्णा वाचलं. सौंसर बाहेर गेलं.

*

हेमंतला पोरांनी खांद्यावर घेतलं, पण तो धडपडून खाली उतरला आणि रेषेकडं गेला. मुकुंद तिथंच उभा होता. त्याचे डोळे लाल होते. आपली टीम त्यानंच बुडवली, हे सौंसर त्याला बरेच दिवस ऐकवणार होतं आणि ते त्याला माहीत होतं.

"हरवलं तुमी," तो म्हणाला.

"हो."

"बरोबर हरवलं." आणि त्यानं चिखलानं माखलेल्या मेहुण्याला मिठी मारली. त्याचा धुतलेला सदरा खराब झाला.

विनायकराव खुर्चीतून उठायला वेळ लावत होते. भगवंतरावांनी हात दिला. तो धरून उभे राहत ते म्हणाले, "एक वर्ष. पुढच्या वर्षी खालून जिंकून वर येतो. तोवर तुमी टिकून राहा म्हणजे झालं."

"टिकतो. तुमच्याशिवाय आम्ही हरवावं कोणाले?"

विनायकराव हसले. मग त्यांनी सुनेला हाक मारली. "उर्मिला, पिशवी भर. मुकुंदलेही घेऊन जा माहेरी. दोन दिवस राहा. सोमवारी मात्र त्याले परत पाठव, मंगळवारपासून प्रॅक्टिस आहे."

ट्रकमध्ये मागं पांढुर्ण्याची पोरं, त्यांच्यामधे सौंसरचा कोच आणि त्याच्याशेजारी बाजूच्या फळीला धरून उभी उर्मिला. पुढं बसायला तिनं नकार दिला. जामसांवलीच्या फाट्यावर वत्सलाबाईंनी ट्रक थांबवायला लावला, मारुतीला नारळ फोडला, आणि प्रसाद सगळ्यांत आधी जावयाच्या हातावर ठेवला. पोरं गात होती, मुकुंदला चिडवत होती, आणि मुकुंद त्यांना सांगत होता की त्यांचा डावा बॅक किती कच्चा आहे आणि सौंसर परत वर आलं की तो तिथूनच गोल काढणार आहे.

पांढुर्ण्यात बातमी आधीच पोचली होती. स्टेशनच्या रस्त्यापासून ढोल सुरू झाले. गुलालानं ट्रकची काच लाल झाली. घाटोड्यांच्या घरासमोर माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती, आणि क्लबचे जुने खेळाडू हार घेऊन उभे होते. त्यांनी हेमंतकडं हात केले. भगवंतराव पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी काठी वर केली.

"थांबा. आधी जवाईले उतरवा."

"भाऊसाहेब," गर्दीतून कोणी म्हणालं, "जिंकलो आपण, अन् पहिला हार सौंसरवाल्याले?"

"जिंकलो म्हणूनच," भगवंतराव म्हणाले. "हरलो असतो तर त्याले हार घालायले तोंड नसतं राहिलं."

शालिकराम आणि हेमंत दोघांनी दोन बाजूंनी मुकुंदला धरलं आणि अलगद खाली घेतलं. ढोल चालू होते. त्याच्या गळ्यात हार पडला तेव्हा तो म्हणत होता, अरे, मी हरलो आहे बे, आणि कोणी ऐकत नव्हतं. उर्मिलेनं वरून ते पाहिलं. मग कोणी स्टूल आणायच्या आत पदर कमरेला खोचून तिनं फळीवरून उडी मारली आणि गुलालातून वाट काढत घरात गेली.